दहा मुलांची बाटली

आमची आक्का सापशिडीत कधीच हरत नाही. सापशिडीला डोकं लागत नाही, फासा पडेल तसं चालायचं असतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वाक्यात काहीतरी गडबड आहे हे लगेच कळेल. गडबड आहेच. आक्का माझी थोरली बहीण, आणि मला आठवतं तेव्हापासून ती खोटं खेळते. लहानपणी सापाच्या तोंडाशी आली की तिला हमखास खोकला यायचा, आणि खोकल्याच्या उबळीत तिची सोंगटी एक घर पुढे सरकायची. आता तिला खोकल्याचीही गरज उरलेली नाही. वयाचा मान म्हणून ती उघडउघड सरकवते.

कोविडची साथ आली तेव्हा आक्का नुकतीच वृद्धनिवासात राहायला गेली होती. निवासाचे दरवाजे बंद झाले आणि भेटी खिडकीतून सुरू झाल्या. ती काचेच्या आत, आम्ही बाहेरच्या अंगणात, आणि बोलणं फोनवर. माझ्या नातीला आक्काने सापशिडी शिकवली ती या खिडकीतूनच. नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. खरं नाव वेगळं आहे, पण ते ऐकायला ती एका जागी थांबत नाही. पट आत आक्काच्या टेबलावर असायचा. भिंगरी बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर फासा टाकायची, फोनवर आकडा सांगायची, आणि दोघींच्याही सोंगट्या आक्का हलवायची. म्हणजे फिर्यादीही तीच, न्यायाधीशही तीच आणि कोर्टही तिच्याच खोलीत. भिंगरीला पाच पडोत की दोन, तिची सोंगटी घसरत घसरत खाली. आक्का मात्र शिड्या चढून चढून दमायची.

पुढे साथ ओसरली आणि निवासाने दरवाजे उघडायचं ठरवलं. अट एकच, आत येणाऱ्याने लस घेतलेली हवी, आणि पाच वर्षांवरच्या मुलांनाही ती लागू. माझी लस केव्हाच झाली होती. भिंगरी सहा वर्षांची. तिची व्हायची होती, कारण लहान मुलांची लस नुकतीच कुठे आली होती.

मी फोन करून आक्काला ही बातमी सांगितली. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, घाई कसली आहे, पोरीला उगाच टोचाटोची नको, खिडकी छान आहे, उजेड येतो. मी मनात म्हटलं, उजेडाचं सोड, तुला पट हातचा जाईल याची भीती आहे.

भिंगरीला मात्र आत जायचंच होतं. तिने माझा पदर ओढून स्वच्छ शब्दांत सांगितलं, "आजी, मला पटाच्या बाजूला बसायचंय. आक्काआजी चीटिंग करते ते मला जवळून बघायचंय."

बहिणीला सत्तर वर्षांत कोणी पकडलेलं नाही. ही पकडेल असं मला त्या क्षणी वाटलं, आणि मी म्हटलं, "उद्याच जाऊ लशीला."

'उद्या' या शब्दाबद्दल मला पूर्वी आदर होता.

आता कोणी विचारेल, हे काम आजीने का करावं, मुलीला आईबाप नाहीत का? आहेत, आणि चांगले धडधाकट आहेत. सूनबाई बांधकामावर उंच क्रेन चालवते. एकदा वर चढली की संध्याकाळपर्यंत खाली नाही, आणि फोन खालच्या कपाटात कुलूपबंद. मुलगा लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करतो. विसाव्या मजल्यावर दोरीला लटकून तो शांतपणे डबा खाईल, पण इंजेक्शनची सुई पाहिली की आडवा होतो. हे आमच्या माहेरकडून आलेलं आहे. त्यात आक्काचा नंबर पहिला.

आमच्या लहानपणी देवीची लस टोचणारे गृहस्थ घरोघर फिरायचे. ते आमच्या गल्लीत आले तेव्हा आक्का धुण्याच्या टोपलीत शिरली आणि वरून चादर ओढून घेतली. मी वेंधळी, दारातच उभी होते, मला टोचलं. मग ते म्हणाले, आता मोठीला बोलवा. टोपलीतून आक्काने मला खूण केली, तिचा फ्रॉक माझ्या अंगात चढवला, केसांना तिची पिन लावली आणि मला पुन्हा बाहेर ढकललं. गृहस्थांचा चष्मा जाड होता. त्यांनी मला दुसऱ्या दंडावर टोचलं आणि पाठ थोपटून म्हणाले, धाकटीपेक्षा थोरली धीराची आहे. माझ्या दोन्ही दंडांवर आजही वण आहेत. आक्काचे दंड लोण्यासारखे. ही गोष्ट मी घरात इतक्या वेळा सांगितली आहे की सुरू केली की लोक उठून पाणी प्यायला जातात. पण इथे ती लागणार आहे, म्हणून सांगितली.

तर मी आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, मुलांची लस आमच्याकडे नसते, औषधाच्या दुकानात विचारा. दुकानदार म्हणाला, आम्ही मोठ्यांनाच टोचतो, मुलांसाठी आरोग्यकेंद्राला फोन करा. फोन केला तर तिकडून आधी गाणं लागलं. बराच वेळ ऐकल्यावर ते मला आवडू लागलं, आणि नेमकं कडव्याला आलं तेव्हा एक बाई यांत्रिक आवाजात म्हणाल्या, पालक असाल तर एक दाबा, शाळा असाल तर दोन दाबा, इतर असाल तर तीन दाबा.

मी फोनकडे पाहत राहिले. भिंगरीच्या बापाला मी वाढवलं. हिचा पहिला दात पडला तो माझ्या मांडीवर. आणि मी कोण, तर इतर. मी बाणेदारपणे एक दाबलं. त्यावर बाईंनी पालकांच्या ओळखपत्राचा क्रमांक मागितला. मी फोन ठेवला, पुन्हा लावला, गाणं पहिल्यापासून ऐकलं आणि मान खाली घालून तीन दाबलं. तेव्हा कळलं की मुलांची लस दर शनिवारी पोहण्याच्या तलावाशेजारच्या सभागृहात मिळते.

एव्हाना ही बातमी आमच्या इमारतीत पोचली होती, आणि सल्ले जिन्याने चढून येऊ लागले होते. शेजारी हवामान खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे हवामानकाका म्हणतात. त्यांनी मला सांगितलं की लशीनंतर थोडा ताप येण्याची शक्यता मध्यम आहे, हात दुखण्याची दाट आहे आणि रडण्याची तुरळक ठिकाणी आहे. नोकरीतल्या सवयीने ते कुठल्याही गोष्टीला 'होईल' किंवा 'होणार नाही' असं म्हणत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या पार्लरवालीचा पवित्रा वेगळा होता. तिच्या एका गिऱ्हाइकाचे कुरळे केस म्हणे लशीनंतर आपोआप सरळ झाले. तिला लशीची भीती नव्हती, धंद्याची होती. सगळ्यांचे केस फुकटात सरळ झाले तर तिच्या त्या नव्या यंत्राचं काय करायचं? मी तिला समजावलं की माझे केस दोन डोसांनंतरही होते तसेच आहेत. तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "होते तेवढेच आहेत म्हणा."

शनिवारी आम्ही सभागृहात गेलो. तिथे एक सिस्टर होत्या, चेहऱ्याने कडक आणि बोलण्यात मऊ. त्यांनी भिंगरीला स्टूलवर बसवलं, मग खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "थोडं थांबूया."

कशासाठी थांबायचं ते मला हळूहळू कळलं. मुलांची लस मोठ्या माणसांच्या लशीहून वेगळ्या बाटलीत येते, आणि एका बाटलीत दहा मुलांची लस असते. बाटली एकदा उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. म्हणून दहा मुलं समोर बसल्याशिवाय बाटली उघडायची नाही असा तिथला नियम. त्या शनिवारी तीन मुलं आली. पुढच्या शनिवारी सात झाली, पण आठव्याची वाट पाहता पाहता दोन भुकेने रडू लागली आणि घरी गेली. ती गेल्यावर तीन नवी आली, तोवर आधीची चार गेली होती. हे एखाद्या गणितासारखं दुपारपर्यंत चाललं. शेवटी भिंगरी आणि मी उरलो, आणि मला लहान मुलांची लस चालत नाही.

मी सिस्टरना म्हटलं, "दहा मुलं मी आणते. तुम्ही फक्त बाटली घेऊन बसा."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तशा नजरेने माझ्याकडे लग्नानंतर कोणी पाहिलं नव्हतं.

सगळा आठवडा मी इमारतीचे जिने चढत होते. दहा मुलं म्हणजे काही फार नव्हेत असं आपल्याला वाटतं, कारण जिन्यात धावताना ती चाळीस असतात. प्रत्यक्ष बोलवायला गेलं की एकाला सर्दी, एक अजून पाच वर्षांचं झालेलं नाही, एकाला बारा पूर्ण झाल्यामुळे त्याची बाटली वेगळी. एकीला नुकताच कोविड होऊन गेलेला, तिला कधी द्यायची हे तिच्या आईला एकाने एक सांगितलेलं, दुसऱ्याने दुसरं. मी म्हटलं, माझं नको आणि त्यांचंही नको, सिस्टरना विचार. सिस्टरनी फोनवर तिला नीट तारीख सांगितली. तेव्हापासून लोक मला वाटेत अडवून प्रश्न विचारू लागले. मी प्रत्येकाला सिस्टरना विचारा एवढंच सांगायचे, तरी माझा हुशार म्हणून लौकिक झाला. हवामानकाका रोज संध्याकाळी जमलेल्या मुलांचा अंदाज वर्तवायचे. शुक्रवारी ते म्हणाले, "दहा होण्यास अनुकूल परिस्थिती आहे." आणि पार्लरवालीने आपली जुळी मुलं दिली. तिचं म्हणणं, केस खरंच सरळ होतात का ते घरच्या घरी कळेल.

शनिवारी आमची फौज निघाली. पुढे मी, मागे हवामानकाका छत्री घेऊन, कारण त्या दिवशी त्यांनी स्वतः लख्ख उन्हाचा अंदाज वर्तवला होता. मध्ये दहा मुलं आणि त्यांचे आईबाप. सभागृहाच्या दारात आम्हाला पाहून सिस्टर उभ्या राहिल्या. मी सगळ्यांना रांगेत बसवलं, घसा साफ केला आणि म्हटलं, "मोजून घ्या."

सिस्टर एकेकाला विचारत पुढे आल्या. पालक आलेत? आलेत. पालक? आलेत. भिंगरीपाशी आल्यावर म्हणाल्या, "हिचे पालक?"

मी म्हटलं, "मी आजी."

"म्हणजे इतर," सिस्टर हळहळत म्हणाल्या. "आजी, आई किंवा वडील लागतात हो. माझ्या हातात नाही."

सगळ्यांचे आईबाप मी आठवडाभर जिने चढून जमवले, आणि माझ्याच नातीचे विसरले. आधीच्या दोन शनिवारी हा प्रश्न आलाच नव्हता, कारण बाटलीच उघडायची वेळ आली नव्हती. क्रेनवर फोन लागणं शक्य नव्हतं. मुलाला फोन केला. तो म्हणाला, आई, मी दोन मजल्यांच्या मध्ये आहे, वर पोचलो की निघतो. पण सुई निघाली की मी बाहेर उभा राहणार.

इकडे भिंगरी बाजूला झाल्यामुळे मुलं राहिली नऊ. बाटली परत डब्यात जायला लागली. पार्लरवालीची जुळी एकमेकांचे केस ओढू लागली, कदाचित तुलनेसाठी. अशा वेळी हवामानकाका, जे आयुष्यात कधी अंदाज वर्तवल्याशिवाय घराबाहेर पडले नव्हते, ताडकन उठले आणि बाजूच्या दारातून तलावाकडे गेले. परत आले ते एका मुलीला घेऊन. ती टॉवेल गुंडाळलेली, केसांतून पाणी ठिबकत, आणि मागे तिची आई चपला हातात घेऊन धावत. ती आई जवळजवळ रडवेली झाली होती. ती महिनाभर मुलांची लस कुठे मिळते ते शोधत होती, आणि दर शनिवारी याच भिंतीच्या पलीकडे बसून स्वेटर विणत होती.

बाटली उघडली. दहा मुलांना लस झाली. टॉवेलवाली दहावी. मी टाळ्या वाजवल्या, आणि वाजवता वाजवता माझ्या लक्षात आलं की बाटली संपली.

माझा मुलगा धापा टाकत आला तेव्हा त्याची लेक एकटीच स्टूलवर बसली होती. सिस्टरपुढे नवी बाटली होती आणि त्या बाटलीला पुन्हा दहा मुलं हवी होती. भिंगरी रडली नाही. ती फक्त म्हणाली, "मग आक्काआजीच जिंकणार." तिच्या या वाक्याने माझ्या अंगात काय संचारलं मला माहीत नाही. मी तलावावर गेले. तिथे पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांच्या गळ्यात शिट्टी होती. ती मी मागितली. त्यांना वाटलं कोणी बुडतंय. त्यांनी स्वतःच इतक्या जोरात वाजवली की पाण्यातली सगळी मुलं काठावर आली, आणि बाकांवर बसलेले पालक उभे राहिले. मी काठावर उभी राहून सांगितलं की पलीकडे लस आहे, नऊ मुलं हवीत, पालक सोबत हवेत, इतर चालत नाहीत.

नऊ मागितली तर वीसेक आली. सभागृहाच्या फरशीवर पाण्याचे ओघळ, खुर्च्यांवर टॉवेल, एकाच्या डोळ्यांवर अजून पोहण्याचा चष्मा. सिस्टरनी दोन बाटल्या उघडायची तयारी केली आणि म्हणाल्या, आधी सकाळपासून बसलेल्या मुलीला. माझ्या मुलाने बाहेर उभं राहायचं ठरवलं होतं, पण लेकीने त्याचं बोट धरलं. तो सुईकडे पाठ करून उभा राहिला. समोरच्या भिंतीवर मात्र मुलांना समजावं म्हणून सुईचं भलंमोठं रंगीत चित्र लावलेलं होतं.

तो पडला तो मऊ टॉवेलांच्या ढिगावर, ही देवाची कृपा. सगळी धावपळ त्याच्याकडे. कोणी पाणी मारलं, आधीच इतकं पाणी असताना. त्या गोंधळात भिंगरीने विचारलं, "झालं?" आणि सिस्टर म्हणाल्या, "केव्हाच." लस घेतलेल्यांना थोडा वेळ नजरेखाली बसवतात. त्या दिवशी त्या खुर्चीवर लेकीशेजारी बापालाही बसवलं होतं, आणि त्याला तिच्यापेक्षा जास्त वेळ.

दुसऱ्या डोसाचं सांगण्यासारखं काही नाही. तलावातली सगळी मुलं वेळेवर आली, सूनबाईने सुट्टी घेतली होती, आणि जुळ्यांचे केस होते तसेच होते. पार्लरवालीचा जीव भांड्यात पडला.

मग ठरल्या दिवशी भिंगरी नवा फ्रॉक घालून माझ्यासोबत निवासाच्या दारात उभी राहिली. मेट्रनबाईंनी तिचं प्रमाणपत्र पाहिलं, माझं पाहिलं, छान म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "पण तुमच्या ताईंचं काय करायचं?"

मी विचारलं, काय करायचं म्हणजे?

तेव्हा जे बाहेर आलं ते असं. आक्काने एकही डोस घेतलेला नव्हता. लस द्यायला माणसं आली की ती न्हाणीघरात जायची आणि नळ सोडून गाणी म्हणायची. निवासात जबरदस्ती करत नाहीत, पण लस न घेतलेल्यांच्या भेटी खिडकीतूनच. मेट्रनबाईंनी आम्हाला कळवायचं म्हटलं तर आक्का म्हणाली होती, बहिणीला सगळं ठाऊक आहे. आणि तिनेच, थंडपणे, असंही सांगितलं होतं की तिच्या वाटची लस मी लहानपणीच घेऊन बसले आहे.

म्हणजे काचेमागे अडकली होती ती भिंगरी नव्हतीच कधी. आक्का होती.

आम्ही पुन्हा अंगणात गेलो. आक्का खिडकीत बसलेली, पट मांडलेला, चेहरा गुन्हेगाराचा नव्हे, पकडलेल्या गुन्हेगाराचा. मी फोनवर बोलायला तोंड उघडलं, पण भिंगरीने फोन घेतला.

"आक्काआजी, तू घाबरतेस?"

आक्काने पटावरच्या दोन्ही सोंगट्या सरळ केल्या. मग आक्का म्हणाली, "होय गं."

माझ्या आयुष्यात मी तिच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. धुण्याच्या टोपलीतूनसुद्धा नाही.

"बाबापण घाबरतात," भिंगरी म्हणाली. "ते तर पडले. तू बसून घे, म्हणजे पडायला जागाच नाही. मी हात धरते."

आक्काने विचार केला आणि सौदा सुरू केला. हात धरायचा, शिवाय त्या सगळ्यात लांब सापाने तिला चावायचं नाही. भिंगरी म्हणाली, एकदाच नाही चावणार. मेट्रनबाईंनी ही तडजोड होती तशी मान्य केली, कारण त्या दिवशी निवासातल्या मंडळींचा पुढचा डोस होता आणि मोठ्यांची एक बाटली उघडलेलीच होती.

व्हरांड्यात खुर्ची मांडली. आक्का बसली, पलीकडे भिंगरी तोंडाला मास्क लावून तिचा हात दोन्ही हातांनी धरून उभी. नर्सने सुई काढली. आक्काने डोळे मिटले, मग एक उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. तोच, टोपलीतला डोळा.

"तू घेतेस का गं माझ्याऐवजी?"

आणि खरं सांगते, माझा हात आपोआप बाहीकडे गेला.

"आजी, बाही खाली," भिंगरी म्हणाली. मी बाही खाली केली. तेवढ्यात आक्काचं झालं. ती पडली नाही. तिने लोण्यासारख्या दंडाकडे मोठ्या दुःखाने पाहिलं आणि म्हणाली, पट आणा बाहेर.

व्हरांड्यातच खेळ मांडला. भिंगरी पटाला नाक लावून बसली, एकही घर नजरेतून सुटू नये म्हणून. आक्काचा फासा पडला आणि ती थेट सापाच्या तोंडात. तो लांब साप नव्हता, धाकटाच होता. कराराबाहेरचा. भिंगरी वाट पाहत राहिली. आक्काने सोंगटीकडे हात नेला, थांबली आणि कळवळून म्हणाली, हात भयंकर दुखतोय, खाली नेववत नाही.

पुढच्या डावात शिडी आली तेव्हा त्याच हाताने ती वरपर्यंत पोचली. मी लशीचं माहितीपत्रक घरी नेऊन चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं. ताप आहे, थकवा आहे, हात दुखणं आहे. पण फक्त उतरताना दुखतो असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.